जोडण्याआधीचं काम

हरिश्चंद्रगडावरच्या कोकणकड्याच्या काठावर बसून १६ मिलिमीटरच्या लेन्सने फोटो काढला, तर फुल-फ्रेम कॅमेऱ्यात आडवं साधारण ९७ अंशांचं दृश्य मावतं. डोळ्यांसमोर जवळजवळ त्याच्या दुप्पट पसरलेलं असतं. मग डावीकडचा कडा तरी सुटतो नाहीतर उजवीकडचा. जे मावतं त्यातही कोपऱ्यांतले दगड ताणल्यासारखे लांब झालेले, समोरचे दूरचे डोंगर चिमुकले, आणि निम्मी चौकट रिकाम्या आकाशाने भरलेली. घरी कुणाला दाखवावा तर तो "छान आहे" म्हणतो आणि पुढच्या फोटोकडे वळतो. रात्रभर चालून हरिश्चंद्रगड चढलेल्या माणसाला या 'छान आहे'चा अर्थ बरोबर कळतो.

आता तोच कॅमेरा उभा धरा. ५० मिलिमीटरची लेन्स लावा आणि डावीकडून उजवीकडे सात फोटो काढा. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा तीसेक टक्के भाग पुन्हा आला पाहिजे. सातांचं मिळून सुमारे १४० अंशांचं दृश्य होतं. दूरच्या सुळक्याला आधीच्या फोटोत रुंदीत जेवढे पिक्सेल मिळाले होते, त्याच्या तिप्पट आता मिळतात. २४ मेगापिक्सेलचा साधा कॅमेरा असला तरी जोडलेलं चित्र वीस हजार पिक्सेलच्या आसपास रुंद होतं. इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने छापलं तर साडेपाच फूट. खालच्या कोकणातल्या वाड्यांची छपरं वेगवेगळी ओळखू येतात. हे पुस्तक त्या सात फोटोंबद्दल आहे.

मोबाइलमध्ये पॅनोरमाचं बटण असताना एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न रास्त आहे. २०१२ साली आयफोनच्या सहाव्या आयओएसमध्ये ही सोय आली आणि लवकरच ती जवळपास सगळ्याच फोनमध्ये दिसू लागली. तेव्हापासून गडावरच्या प्रत्येक बुरुजावर एक तरी माणूस फोन पुढे धरून स्वतःभोवती सावकाश फिरताना दिसतो. फोन काय करतो, तर फिरताना भराभर फोटो घेत जातो, प्रत्येकातून मधली अरुंद पट्टी उचलतो आणि पट्ट्या शेजारी शेजारी लावतो. म्हणून चालता माणूस त्यात काडीसारखा बारीक होतो किंवा अघळपघळ पसरतो, आणि कुत्र्याला पाच पाय फुटतात. मधेच हात वरखाली झाला की क्षितिजाला पायरी पडते. उन्हातून सावलीकडे फिरताना फोन उजेडाचा मधला मार्ग काढतो, त्यात ऊनही फिकं आणि सावलीही फिकी. आठवण म्हणून हे पुरेसं आहे, माझ्याही फोनमध्ये असे ढीगभर पडलेले आहेत. पण भिंतीवर लावायला त्यातला एकही चालत नाही, आणि का चालत नाही हे समजून घेण्यातच या विषयाचा बराचसा भाग येतो.

सबंध देखावा एका नजरेत आणायची हौस कॅमेऱ्याच्या आधीपासूनची आहे. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने १७८७ साली एडिंबरोत असताना गोलाकार चित्राचं पेटंट घेतलं. १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरला त्याने त्यासाठी खास गोल इमारत उघडली. मधल्या मचाणावर उभं राहायचं, वरून उजेड यायचा, आणि चहूबाजूंच्या भिंतीवर अखंड चित्र. तिकीट काढून लोक ते बघायला जात. फोटोग्राफी आल्यावर हे काम कॅमेऱ्यावाल्यांनी उचललं. १८४८ साली अमेरिकेत सिनसिनाटी शहराचा नदीकाठ आठ डागेरोटाइप पत्र्यांवर शेजारी शेजारी टिपला गेला. १८५८ मध्ये फेलिचे बेआतो हा फोटोग्राफर लखनौला आला आणि उठावानंतरच्या उद्ध्वस्त शहराचे अनेक फोटो जोडून त्याने लांबलचक चित्रं तयार केली. त्यांतले सांधे स्पष्ट दिसतात आणि ते लपवायचा फारसा प्रयत्नही नाही. कागदाची कड कुठे संपली हे बघणाऱ्याला कळतं, आणि त्याचं काही बिघडत नाही.

त्याच वर्षीचं दुसरं एक काम मला बेआतोच्या लखनौपेक्षा मोठं वाटतं. लिनियस ट्राइप हा मद्रास इलाख्याचा सरकारी फोटोग्राफर होता. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात विमानाच्या, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराच्या, पायथ्याशी चोळकालीन शिलालेख सलग कोरलेले आहेत. ट्राइपने ते तुकड्या-तुकड्याने टिपले आणि एकवीस छापांची १९ फुटांहून लांब पट्टी तयार केली. इथे तो एका जागी उभा राहून फिरला नाही. पायथ्याला धरून कॅमेराच सरकवत गेला. वाचणारा शिलालेखापुढून चालत जातो, तसा. याच मंदिराच्या आवारात तंजावरच्या भोसल्यांचा इतिहास सांगणारा १८०३ सालचा मोठा मराठी शिलालेखही आहे. ट्राइपची पट्टी पाहताना तो मला दर वेळी आठवतो. असंच काम कुणीतरी त्याच्यावरही करावं. साधनं आता ट्राइपच्या शतपट सोपी आहेत.

बेआतोचा प्रकार आणि ट्राइपचा प्रकार यांतला फरक लक्षात ठेवावा. एकात कॅमेरा फिरतो, दुसऱ्यात सरकतो. लांब भिंत, शिलालेख, जुन्या बाजारपेठेतली दुकानांची रांग यांना सरकणारा कॅमेरा लागतो. डोंगरदरी, चौक, सभामंडप यांना फिरणारा. या पुस्तकात मुख्यतः फिरणाऱ्याची गोष्ट आहे. सरकणाऱ्याला शेवटी एक प्रकरण दिलं आहे, कारण त्याचं गणित निराळं आहे आणि त्यात हाताने करायचं काम अजूनही पुष्कळ उरतं.

कागद कापून डिंकाने चिकटवण्याचा हा उद्योग संगणकावर आला तो विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात. हेल्मुट डेर्श या जर्मन प्राध्यापकाने १९९८ साली 'पॅनोरमा टूल्स' नावाची प्रणाली फुकट उपलब्ध करून दिली. आज ज्यांची नावं सर्रास घेतली जातात ती पीटीगुई आणि हगिन ही दोन्ही सॉफ्टवेअर याच पायावर उभी राहिली. पण सुरुवातीला एक काम माणसालाच करावं लागे. दोन्ही फोटोंत दिसणारा तोच दगड, तोच झाडाचा शेंडा माउसने दाखवून द्यायचा, एकेका सांध्याला असे चार-सहा बिंदू. ही कटकट संपली ती ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या डेव्हिड लो यांच्यामुळे. फोटोतल्या ठळक बारकाव्यांचं असं वर्णन तयार करायची रीत त्यांनी १९९९ मध्ये मांडली की फोटो लहान-मोठा झाला किंवा थोडा फिरला तरी तो बारकावा ओळखू यावा. मॅथ्यू ब्राउन आणि लो यांनी २००३ साली त्यावर आधारलेली फोटो आपोआप जोडण्याची पद्धत सादर केली. आता ढिगातून कुठले फोटो एकमेकांचे शेजारी आहेत हेसुद्धा संगणकच शोधतो.

तो नेमकं काय करतो हे ठाऊक असलं की अडल्यावर वाट सापडते. प्रत्येक फोटोत तो शेकडो-हजारो बारकावे टिपतो आणि शेजारच्या फोटोतल्या बारकाव्यांशी त्यांच्या जोड्या लावतो. यातल्या कित्येक जोड्या चुकीच्या असतात. एका खिडकीची जोडी भलत्याच खिडकीशी लागलेली असते. म्हणून बाकीच्यांशी मेळ न खाणाऱ्या जोड्या तो टाकून देतो. उरलेल्यांवरून प्रत्येक फोटो काढताना कॅमेरा किती वळला, किती झुकला, किती कलंडला आणि लेन्सने रेषा किती वाकवल्या, याचा हिशेब मांडतो. मग सांधा पुसतो. त्यासाठी बर्ट आणि एडल्सन यांनी १९८३ मध्ये सुचवलेली युक्ती आजही चालते: आकाशाच्या रंगछटेसारखे ढोबळ फरक रुंद पट्ट्यात सावकाश मिसळायचे, आणि गवताच्या पात्यासारखे बारीक तपशील अगदी अरुंद पट्ट्यात. म्हणून सांधा दिसतही नाही आणि पातं दोनदाही उमटत नाही.

बारकावेच नसतील तर मात्र हे यंत्र आंधळं आहे. श्रावणात धुक्याने भरलेली दरी, निरभ्र आकाश, चुन्याने रंगवलेली कोरी भिंत, यांत त्याला धरायला काहीच सापडत नाही. समुद्राचं तर विचारूच नका. लाटांवर बारकावे हजारो, पण पुढचा फोटो काढेपर्यंत त्यातला एकही जागेवर राहत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर पॅनोरमा करायचा असेल तर प्रत्येक फोटोत खडक, होडी, वाळूतले दगड असं न हलणारं काहीतरी आलंच पाहिजे. ते शक्य नसेल तर ट्रायपॉडच्या डोक्यावरचे अंश वाचून मोजून वळायचं आणि सॉफ्टवेअरला अंशच सांगायचे. समुद्राची आणखी एक खोड अशी की त्याचं क्षितिज सगळ्यांना सरळ माहीत असतं. डोंगररांग दोन अंशांनी कलली तर कुणाच्या लक्षात येत नाही. समुद्र जरासा लाटेसारखा वाकला तरी लहान मूलही बोट दाखवतं.

आता या विषयाच्या गाभ्याकडे. एक डोळा मिटून नाकासमोर बोट धरा आणि मान डावी-उजवीकडे वळवा. बोट मागच्या भिंतीवर सरकताना दिसतं, कारण मान वळली की डोळ्याची जागाही बदलते. कॅमेऱ्याचं हेच होतं. ट्रायपॉडचा स्क्रू बसतो कॅमेऱ्याच्या बुडाला, आणि दृश्य जिथून 'दिसतं' ती जागा असते पुढे, लेन्सच्या आत. लेन्समध्ये समोरून डोकावलं की जे छिद्र दिसतं ते जिथे असल्यासारखं वाटतं, ती ही जागा. पुष्कळ जण तिला नोडल पॉइंट म्हणतात. शास्त्रीयदृष्ट्या ते नाव चुकीचं आहे, पण दुकानात याच नावाने सामान मिळतं, म्हणून आपणही फार ताणू नये.

ही जागा फिरण्याच्या अक्षापासून ८ सेंटिमीटर पुढे आहे असं धरू. कॅमेरा ३० अंश वळवला की ती ४ सेंटिमीटरच्या थोडी वर सरकते. एवढ्याने काय होतं? मघाच्याच २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स असेल, तर एक मीटरवरचा खांब मागच्या दूरच्या डोंगराच्या मानाने सुमारे ३५० पिक्सेल हलतो. दहा मीटरवरचं झाड ३५ पिक्सेल हलतं. शंभर मीटरवरचा खडक तीन-चार पिक्सेल, आणि एक किलोमीटरवरचा डोंगर एका पिक्सेलच्या तिसऱ्या हिश्शाइतका, म्हणजे हललाच नाही म्हणा. हे चार आकडे पाठ असले तर कुठे काय लागेल हे उभ्या उभ्या ठरवता येतं. कोकणकड्यावर समोर दरीच दरी असेल तर हातात धरून काढलेले फोटोही बेमालूम जुळतात. त्याच कड्यावर पायाजवळची कारवीची झुडपं चौकटीत घेतली की तेच फोटो जुळेनासे होतात, आणि माणूस सॉफ्टवेअरला शिव्या देत बसतो.

हा गोंधळ सॉफ्टवेअरला निस्तरता येत नाही, याचं कारण सरळ आहे. जागा बदलली की एका फोटोत खांबामागे जे दिसतं, ते दुसऱ्या फोटोत दिसतच नाही. नसलेली गोष्ट जोडणार कुठून? अलीकडची सॉफ्टवेअर चित्र वाकवून, ताणून, सांधा वळसा घालून नेऊन वेळ मारून नेतात. लांबून बघितलं तर खपतं. मोठं छापलं की खांबाला मधेच कंबर आलेली दिसते.

उपाय जुना आणि खात्रीचा आहे. कॅमेरा पुढे-मागे सरकवता येईल अशी पट्टी ट्रायपॉडवर बसवायची, तिला पॅनो-हेड म्हणतात. खिडकीचा गज आणि लांबचा विजेचा खांब एका रेषेत धरायचे. कॅमेरा असा वळवायचा की ही जोडी एकदा चौकटीच्या डाव्या कडेला येईल, एकदा उजव्या. रेषा फुटली तर पट्टी सरकवायची, पुन्हा बघायचं. दोन्ही कडांना गज आणि खांब एकमेकांवर राहिले की जागा सापडली. पट्टीवर रंगाने खूण करून ठेवायची. प्रत्येक लेन्सची खूण वेगळी, आणि झूम लेन्स असेल तर झूमच्या प्रत्येक आकड्याचीही. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, पण एकदा केलं की त्या लेन्ससाठी कायमचं. ज्यांना हेड घ्यायचं नाही त्यांनी निदान फिरताना कॅमेऱ्याभोवती आपण फिरावं, आपल्याभोवती कॅमेरा फिरवू नये. डाव्या हाताची बोटं लेन्सखाली ठेवायची आणि ती बोटं जमिनीवरच्या एकाच दगडावर राहतील असे पाय टाकायचे. बघणाऱ्याला हे विचित्र दिसतं. दिसू द्यावं. फक्त कड्याच्या काठावर हे उभं राहून करू नये. डोळा कॅमेऱ्यात आणि पाय मागे-पुढे, याहून वाईट जोडी डोंगरात नाही. काठावर बसूनच फोटो काढायचे, आणि बसूनही नीट वळता येत नसेल तर तिथला पॅनोरमा सोडून द्यायचा.

जुन्या वाड्याचा चौक, देवळाचा सभामंडप, गुहा, लेणं इथे खांब हाताच्या अंतरावर असतात, तिथे हेडशिवाय गत्यंतर नाही. केंद्राच्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, हे घरून निघण्याआधीच ध्यानात घ्यावं. पहारेकऱ्याशी हुज्जत घालून काही मिळत नाही.

उजेडाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण नियम एकच आहे: पहिला फोटो काढल्यापासून शेवटचा होईपर्यंत कॅमेऱ्याला काहीही स्वतः ठरवू द्यायचं नाही. एक्स्पोजर मॅन्युअल, फोकस मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स ठरावीक, आयएसओ ठरावीक. दृश्यातला सगळ्यात उजळ भाग पांढरा फटक होऊन जळणार नाही असा आकडा धरायचा आणि सावल्या नंतर रॉ फाइलमधून वर आणायच्या. पोलरायझर काढून खिशात ठेवायचा. आकाशाचा निळेपणा तो सूर्यापासून काटकोनात असलेल्या भागात सगळ्यात जास्त गडद करतो, त्यामुळे रुंद चित्रात आकाशाच्या मधोमध शाईचा डाग पडल्यासारखा पट्टा येतो आणि तो नंतर कशानेही निघत नाही. फोटो उभे काढायचे. चार जास्त लागतील, पण वर-खाली कापायला जागा राहते. आणि मालिका सुरू करताना एक आणि संपताना एक फोटो आपल्याच हाताच्या पंजाचा काढायचा. घरी शेकडो सारख्या दिसणाऱ्या डोंगरांतून कुठला पॅनोरमा कुठे सुरू झाला हे शोधताना त्या पंजांचे उपकार कळतात.

वेळेचा प्रश्न याहून अवघड आहे. पॅनोरमा एका क्षणाचा नसतो. त्याच्या डाव्या टोकाला एक वेळ असते आणि उजव्या टोकाला दुसरी. एडवर्ड माइब्रिज याने १८७८ साली सॅन फ्रान्सिस्को शहराचा संपूर्ण वर्तुळातला पॅनोरमा तेरा मोठ्या काचांवर केला. त्यातली एक काच त्याने बाकीच्यांनंतर बऱ्याच वेळाने घेतली. चित्र अप्रतिम आहे, जुळलंही आहे, पण त्या एका तुकड्यात घरांच्या सावल्या शेजारच्या तुकड्यांशी जमत नाहीत. एवढं मोठं काम त्याने केलं, तरी सूर्य त्याच्यासाठी थांबला नाही. आपल्याला काचा बदलाव्या लागत नाहीत, दहा फोटो अर्ध्या मिनिटात होतात. तरीही सूर्यास्ताच्या वेळी घाई करावी, आणि ढग पळत असतील तर ते ज्या दिशेला जात आहेत त्याच्या उलट दिशेने वळत जावं. नाहीतर तोच ढग तीन ठिकाणी हजेरी लावतो. बाजारातल्या किंवा जत्रेतल्या माणसांचं तसंच. कुणी दोनदा आला तर सॉफ्टवेअरमध्ये त्याला एका जागी झाकता येतं. मी झाकतो. काही जण मुद्दाम ठेवतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही.

सगळे फोटो जुळल्यावर एक निर्णय उरतो, आणि बहुतेक जण तो न घेताच बटण दाबतात. आपण गोलाच्या आतून बघितलेलं दृश्य सपाट कागदावर पसरायचं कसं? पृथ्वीचा नकाशा काढणाऱ्यांपुढे हाच पेच असतो आणि उत्तरंही तीच आहेत: प्रत्येक पद्धतीत काहीतरी खरं राहतं आणि काहीतरी खोटं होतं. साध्या लेन्ससारखी पसरण निवडली तर सरळ रेषा सरळ राहतात, पण १२० अंशांच्या पुढे कडा इतक्या ताणल्या जातात की चित्र बघवत नाही. नळकांड्यावर गुंडाळल्यासारखी पसरण निवडली तर कितीही रुंद चालतं, पण समोरची सरळ भिंत धनुष्यासारखी फुगते. तिसरी एक पद्धत अठराव्या शतकातल्या पानिनी या रोमच्या चित्रकाराच्या नावाने ओळखली जाते. त्याने भव्य दालनांची आतून जी चित्रं काढली, त्यांतल्या रुंद जागा ताणल्यासारख्या वाटत नाहीत. वाड्याच्या चौकाला आणि देवळाच्या मंडपाला ही पद्धत फार छान बसते. दोन्ही बाजूंचे खांब उभे राहतात, आत जाणाऱ्या रेषा सरळ राहतात.

नळकांडी पसरणीचं गणित जुन्या फोटोग्राफरांना तोंडपाठ होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वतःच्या अक्षावर फिरून लांब फिल्मवर फोटो घेणारा सर्किट नावाचा कॅमेरा आला. मोठमोठ्या शाळांचे, पलटणींचे सामुदायिक फोटो त्याने काढत. बाकं सरळ रांगेत मांडली तर फोटोत मधली पोरं पुढे आल्यासारखी आणि टोकाची मागे पडल्यासारखी दिसत. म्हणून बाकं कॅमेऱ्याभोवती कमानीत मांडायची, की फोटोत रांग सरळ येई. एखादं व्रात्य पोरगं डाव्या टोकाला उभं राहून, कॅमेरा फिरत असताना मागून धावत उजव्या टोकाला जाई आणि फोटोत दोनदा येई.

आता हीच गोष्ट कोकणकड्याला लावून बघा. कमान सरळ दिसते, हा या पसरणीचा स्वभाव. आणि कोकणकड्याचं सगळं वैभव तर त्याच्या कमानीत आहे! काठाच्या मध्यावर बसून १८० अंशांचा पॅनोरमा केला, तर चित्राच्या डाव्या टोकाचा कडा आणि उजव्या टोकाचा कडा हे प्रत्यक्षात समोरासमोर असतात, मधे दरी. कागदावर ते एका सरळ भिंतीची दोन टोकं वाटतात. ज्याने कडा पाहिला आहे त्याला चुकल्यासारखं वाटतं. ज्याने पाहिला नाही त्याला काही कळतच नाही. म्हणून मला विचाराल तर कोकणकड्याचा पॅनोरमा मध्यावरून करू नये. काठाच्या एका बाजूला सुरक्षित जागा शोधून, समोरची पूर्ण कमान ११०-१२० अंशांत घ्यावी. रुंदी कमी होते, पण कडा वळतो आहे हे दिसतं.

या पुस्तकाचा सूर यावरून ध्यानात यावा. पॅनोरमाची रुंदी हा त्याचा गुण नाही. संपूर्ण ३६० अंशांचे कागदावरचे पॅनोरमा मला बहुतेक वेळा कंटाळवाणे वाटतात, कारण माणूस एका वेळी स्वतःच्या पाठीमागे बघत नाही. स्क्रीनवर फिरवून बघायला ते ठीक, देवळाच्या गाभाऱ्याची किंवा वाड्याच्या खोलीची नोंद म्हणून तर मोलाचे. अतिप्रचंड पिक्सेलच्या चित्रांचंही तेच. जानेवारी २००९ मध्ये ओबामांच्या शपथविधीचा फोटो डेव्हिड बर्गमन यांनी २२० फोटो जोडून केला. ते चित्र १,४७४ मेगापिक्सेलचं झालं आणि गर्दीतला एकेक चेहरा शोधत लोक तासन्‌तास बसले. ती कमाल आहे, पण तिला मी मोजणी म्हणेन, चित्र म्हणणार नाही. चित्राला कुठेतरी थांबावं लागतं. सात फोटो काढून घरी आल्यावर पाचच वापरावेत असं पुष्कळदा वाटतं, आणि वाटलं तर तसं करावं.

कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, हा प्रश्न कार्यशाळेत सगळ्यात आधी येतो आणि त्याचं उत्तर सगळ्यात सोपं आहे. हगिन फुकट आहे, सगळ्या पसरणी त्यात आहेत, फक्त शिकायला जरा वेळ लागतो. पीटीगुई विकत घ्यावं लागतं आणि अडलेलं काम ते सहसा सोडवतं. लाइटरूममध्ये २०१५ पासून पॅनोरमाची सोय आहे. डोंगरदऱ्यांच्या सरळसोट फोटोंना ती पुरते, आणि जोडलेली फाइलही रॉसारखीच हाताळता येते. ज्याच्याकडे जे आहे त्याने ते वापरावं. पुस्तकातली चित्रं तिन्हींत करून दाखवली आहेत, पण एकाच सॉफ्टवेअरची बटणं मुद्दामच फार समजावलेली नाहीत. ती दरवर्षी जागा बदलतात.

छपाईचा मुद्दा आपल्याकडे दुर्लक्षित राहतो म्हणून त्यावर पूर्ण प्रकरण आहे. फोनच्या पडद्यावर लांब चित्र म्हणजे दोरीएवढी पट्टी. पुस्तकाच्या दोन पानांवर छापलं तर नेमका मधला डोंगर शिलाईत जातो. रोल कागदावर छापणाऱ्या लॅबमध्ये २४ इंच उंचीचं, हवं तेवढं लांब चित्र मिळतं. छापून घेण्याआधी निदान एक तुकडा खऱ्या आकारात काढून बघावा. सांध्यातला दोष पडद्यावर दिसत नाही, कागदावर लपत नाही.

एवढं सगळं वाचूनही पहिल्यांदा थेट गडावर जाऊ नका. आधी आपल्या गच्चीवर किंवा बाल्कनीत जा, कठड्यापासून हातभर मागे उभे राहा, कॅमेरा मॅन्युअलवर टाका आणि कठडा चौकटीत येईल असे सहा-सात फोटो काढून जोडून बघा. लांबच्या इमारती नक्की जुळतील. कठडा तुटला असेल तर तिसरं प्रकरण आधी वाचा. तोही जुळला असेल तर पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला हरकत नाही.